भूमितीच्या बाई आणि तिसऱ्या बाकावरचा

परवा शेजारच्या बाईंच्या घरापुढे, त्यांच्याकडे कामाला येणारी भागी खळे करत होती. पाऊस सरला की आमच्याकडे घरापुढची जागा खरवडतात, नवी माती टाकतात, पाणी शिंपून लाकडी चोपण्याने बडवतात आणि वर शेणाने सारवतात, ते खळे. तुळशीचे लग्न त्यावर लागते. बाई गेल्याला वर्ष होत आले, घराला कुलूप आहे, पण तुळस जागेवर आहे, म्हणून खळेही व्हायलाच हवे, असे भागीचे म्हणणे. मी दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे माझ्या पडवीत वाचत बसलो होतो. एकाएकी कुदळीचा आवाज थांबला. मान वर करून पाहिले तर भागी वाकून मातीतून काहीतरी हिरवे, सुतळीएवढे, ओढत होती.

"भागी, तार! तार सांभाळ!" पुस्तक टाकून मी उठलोच.

"आता कित्या सांभाळू, भाऊनू?" ती म्हणाली, आणि कुदळ बाजूला ठेवून तिथेच खाली बसली.

मी गडग्याशी उभा राहिलो. ते ओरडणे माझे नव्हते. चार पावसाळे बाई ते ओरडत होत्या, आणि माझ्या तोंडात ते कधी येऊन बसले मला कळले नव्हते. त्या तारेविषयी लिहून ठेवावे असे तेव्हाच वाटले. मी वाचनालयात पुस्तके देण्या-घेण्याचे काम करतो; लिहिण्याची सवय नाही. जसे आठवेल तसे लिहितो.

बाईंचे नाव इंदुमती, पण गावात ते फक्त पोस्टमनला ठाऊक होते. तीस-बत्तीस वर्षे त्यांनी हायस्कुलात भूमिती शिकवली, त्यामुळे त्या 'भूमितीच्या बाई' आणि पुढे नुसत्या 'बाई'. लग्न केले नाही. भाऊ-भावजय लवकर गेल्यावर त्यांचा मुलगा मिलिंद बाईंनीच वाढवला. तो इंजिनीअर होऊन जर्मनीला गेला. मागे राहिले बाईंचे कौलारू घर, चौदा गुंठे जागा, तेवीस माड, एक विहीर, आणि गडग्यापलीकडे मी.

बाईंचा एक प्रश्न साऱ्या गावाला पाठ होता: "मोजलंस?" यंदा आंबा कमी आहे, असे कोणी म्हणाले की बाई विचारत, "मोजलंस?" कोळीण बांगडे मोठे आहेत म्हणाली की बाई बांगड्याशेजारी वीत टेकवून दाखवत. मी एकदा म्हणालो की वाचनालयात हल्ली वाचक येत नाहीत. "मोजलेस?" मी दुसऱ्या दिवसापासून मोजू लागलो. येत होते. माझेच लक्ष पुस्तकात असे.

मोजायला त्यांना पट्टी लागत नसे. त्यांचे एक पाऊल म्हणजे बरोबर दोन फूट. शाळेचे मैदान, देवळाची फरशी, नव्या घराचा पाया, सगळे त्या चालून सांगत, आणि गवंडी नंतर टेपने मोजून गप्प बसत. विहिरीच्या पायरीवर पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा तीन महिन्यांनी त्या काठी घेऊन उठल्या आणि पहिले काम काय केले, तर पडवीत खडूने दोन रेघा ओढून आपले नवे पाऊल मोजले. "एक फूट तीन इंच," त्यांनी मला गडग्यावरून सांगितले. "लक्षात ठेव. आता माझ्या पावलांचा हिशेब वेगळा." आवाजात खंत नव्हती. वर्गात नवे सूत्र सांगावे तसा तो आवाज होता.

आणखी एक. बाई एरवी शाळेतले शुद्ध मराठी बोलत. पण आनंद अनावर झाला की त्या मालवणीत येत. वर्गातल्या मुलांना हे माहीत होते. एखाद्याने अवघड प्रमेय स्वतःच्या डोक्याने सोडवले की फळ्यापाशी बाई ओरडत, "मेल्या, ह्यां तुका सुचला कसा?" त्या एका 'मेल्या'साठी मुले रात्रीचा अभ्यास करत असत.

खुबा मोडल्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीत, मिलिंद बायकोला घेऊन आला होता. पाऊस लांबला होता. बाईंना वाकता येत नव्हते आणि गवत काढायला माणूस मिळत नव्हता. गावातले हात मुंबईला नाहीतर आंब्याच्या बागांत. भागी येई, पण ती एकटी, तिची स्वतःची शेती कापणीला आलेली. गवत पायरीपर्यंत पोचले होते. भाऊबिजेच्या सकाळी मिलिंदची बायको दूध घ्यायला बाहेर आली आणि पायरीवर वेटोळे घालून फुरसे. वीतभर लांबीचा तो साप काय करू शकतो हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगावे लागत नाही.

त्या दिवशी मिलिंद गडग्यापाशी येऊन मला ऐकू जाईल असे म्हणाला, म्हणजे मी साक्षीदार राहावे असा हेतू असावा: "आत्या, मी पुढच्या वर्षी तुळशीच्या लग्नाला येईन. तेव्हा अंगण असंच असेल तर तुला घेऊनच जाईन. पुण्याचा फ्लॅट रिकामाच आहे. वसंतकाका, तुम्ही सांगा हिला."

"आठव्या मजल्यावर?" बाई म्हणाल्या.

"लिफ्ट आहे."

"आणि तिथं मी काय मोजू? फरश्या?"

मिलिंद हसला नाही. त्याचे चुकत होते असेही नाही. एकटी बाई, मोडलेला खुबा, फुरसे. मी गडग्यावरचे शेवाळ नखाने खरवडत राहिलो. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले, पुरेसे पाहिले, आणि आत गेल्या.

परत निघायच्या दिवशी वातावरण हलके करावे म्हणून मिलिंदने एक गोष्ट सांगितली. त्याच्या जर्मनीतल्या शेजाऱ्याकडे गवत कापणारा रोबोट आहे. म्हातारा खिडकीत बसून कॉफी पितो आणि यंत्र आपले आपण अंगणभर फिरते. त्याने ते गंमत म्हणून सांगितले. बाईंनी तसे ऐकले नाही.

"किती मोठं अंगण?" त्यांनी विचारले. "चढ किती? विहीर आहे का त्याला? पावसात चालतं?"

"अगं, मला काय माहीत!"

"माहिती पाठव. एकाच यंत्राची नको. तीन तरी पाठव."

तीन कॅटलॉग जानेवारीत टपालाने आले. गुळगुळीत कागद, हिरवीगार चित्रे, आणि एक अक्षर कळेल तर शपथ, सगळे जर्मन. बाई काठी टेकत गडग्याशी आल्या. डोळे असे चमकत होते की मला वाटले मिलिंदला मूलबीळ झाल्याची बातमी आहे.

"बाई, वाचनालयात जर्मन शब्दकोश नाही," मी म्हणालो.

"शब्द कोणाला हवेत? आकडे बघ ना! आकडे आपलेच आहेत."

त्या आकड्यांवर बाईंनी महिनाभर घालवला. शाळेत नव्या तुकडीची यादी हातात आली की पोरे ओळखून ठेवायची त्यांची सवय होती; तशी त्यांनी ही तीन यंत्रे ओळखून ठेवली. पहिल्याच्या पाठीवर काळी काच होती, ते उन्हावर चाले. "हा पहिल्या बाकावरचा," बाई म्हणाल्या. "ऊन पडलं की चमकेल. श्रावणात काय करणार? तोंड पाडून बसणार." दुसरे सगळ्यांत मोठे, सगळ्यांत देखणे, चौदा गुंठ्यांना पुरून उरेल असे. मी म्हणालो, हेच घ्या. बाईंनी मला एक चित्र दाखवले. वर ढग, ढगातून एक थेंब, थेंब यंत्राच्या डोक्यावर, आणि मग बाणाने दाखवले होते की यंत्र आपल्या घरट्याकडे निघाले आहे.

"कळलं? थेंब पडला की घरी जातो. तिकडे थेंब पडतो नि थांबतो. आपल्याकडे हा मिरगाला घरात शिरेल तो दसऱ्याला तोंड दाखवील. हुशार आहे, पण मनाला लावून घेणारा."

तिसरे ठेंगणे, करड्या रंगाचे, चित्रात सुद्धा चिखलाने माखलेले. थेंबाचे चित्र त्याच्या पानावर नव्हतेच. चढ मात्र दोघांपेक्षा जास्त चढत होते. "हा तिसऱ्या बाकावरचा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "अशा पोरांनी मला कधी दगा दिला नाही. पहिला नंबर नाही, पण पाऊस असो, वारा असो, शाळेत हजर."

अडचण एकच होती. तिसऱ्याची पोच पाच गुंठे. अंगण चौदा.

मला वाटले, संपले. बाई दोन दिवस बाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तुकाराम गवंड्याला घेऊन अंगणात उभ्या होत्या. तुकारामच्या गळ्यात पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, जिने गवंडी भिंतीची पातळी पाहतात ती. तुकाराम त्यांचाच विद्यार्थी, भूमितीत दोनदा नापास.

"पाणी सांडू नको हां," बाई ओरडत होत्या. "शाळेत तुका पस्तीस मिळाक नाय, आता माझ्या अंगणात मिळव!"

"बाईनू, तेव्हा तुमी अशी नळी दिली असतीत तर मी पास झालो असतंय," तुकाराम म्हणाला.

बाई थबकल्या. मग मला म्हणाल्या, "खरं बोलला रे हा." आणि त्यांनी ते मनाला लावून घेतले, पुढे कितीतरी दिवस ते वाक्य पुन्हा पुन्हा काढत.

मालवणीत आल्या होत्या म्हणजे काहीतरी सापडले होते. काय ते त्यांनी चुना टाकून दाखवले. घराच्या चारी बाजू, विहिरीची वाट, न्हाणीघराची मागची बाजू, चिकूचे झाड, फाटक, आणि गडग्याची माझ्या पडवीकडची कड. तेवढे भरत होते पावणेपाच गुंठे. बाकी माडांखालची जमीन आणि बांधाखालचा उतार त्यांनी सोडून दिला होता; तिथले गवत भागीने गायीसाठी न्यावे.

"मी चुकीचं गणित सोडवत होते, वसंत. अंगणाला पुरेल असं यंत्र शोधत होते. पण मला चालता येतं तेवढंच माझं अंगण. बाकीचं माडांचं. तिथं फुरसं असलं तर असू दे, त्याचंही घर आहे. माझ्या पायरीपासून वीस हातांवर नको, बस."

चुन्याची रेघ माझ्या गडग्याला खेटून का नेली, ते मी विचारले नाही. तिथे उतार होता, दगड होते. ती बाजू सोडली असती तर काम सोपे झाले असते. तिथूनच बाई मला पेपरातले शब्दकोडे विचारत असत.

मेमध्ये मिलिंदच्या कंपनीतला कोणी गोव्याला सुट्टीवर येत होता, त्याच्या सामानातून तिसऱ्या बाकावरचा आला. रोबोट येणार ही बातमी गावात आधीच फिरली होती. खोके उघडायच्या दिवशी गडग्यावर माणसे बसली होती. सरपंच खुर्ची घेऊन. खोक्यातून निघाली चार चाकांची एक ठेंगणी पेटी.

माणसे गडग्यावरून पुढे वाकली. मग सरपंच म्हणाले, "बाईनू, रोबोट म्हणालात. मगे हेचे हात-पाय खंय?"

"हात-पाय माका आसत, ते दुखतत," बाई म्हणाल्या. "हेका चाकां आसत, ती दुखनत नाय."

"ह्यां तर कासव!" भागी म्हणाली, आणि गावापुरते त्याचे नाव ठरले. बाई मात्र शेवटपर्यंत दुरुस्ती करत राहिल्या: कासव नव्हे, तिसऱ्या बाकावरचा.

यंत्राला डोळे नव्हते. चुन्याच्या रेघेवर दोन बोटे खोल अशी एक बारीक हिरवी तार पुरायची, तिची दोन्ही टोके पडवीतल्या घरट्याला जोडायची. तारेतून अगदी मंद वीज वाहते. यंत्र तारेपाशी आले की ते ओळखते आणि वळते. तार भागीने पुरली, बाई खुर्चीवरून सांगत होत्या. कुदळ जरा जोरात पडली की "तार! तार सांभाळ!" विहिरीभोवती तारेचे वेगळे कडे होते, आणि तिथवर जाणारी व परतणारी तार अगदी जवळजवळ ठेवायची, म्हणजे यंत्राला ती जाणवत नाही. हे कळले तेव्हा बाईंनी टाळी वाजवली. "बघ, जाणारी आणि येणारी एकमेकींना पुसून टाकतात! कोणाच्या डोक्यातून आलं असेल हे!"

यंत्र सुटले. सरळ गेले, तारेपाशी थांबले, वळले, भलतीकडेच गेले.

"दारू घेवन इलो दिसता," सरपंच म्हणाले. "वाट खंय म्हायती आसा हेका?"

"वाट नकोच," बाई म्हणाल्या. "कुठूनही कुठे गेला तरी वेळ दिला की सगळीकडे जातो. पैज लावा, कुठला कोपरा शेवटी राहील?" आणि गावाने पैज लावली. संध्याकाळपर्यंत माणसे गडग्यावर बसून ओरडत होती, "चिकूकडे! चिकूकडे वळ रे!" मीही ओरडलो, असे भागी सांगते. फाटकाचा कोपरा शेवटी राहिला. तो फक्त बाईंनी सांगितला होता.

त्या पावसाळ्यात बाई दहा वर्षांनी लहान झाल्या. पावसाची उघडीप झाली की यंत्र बाहेर, सर आली तरी बाहेर. भारनियमनाने वीज गेली की तार मुकी होई आणि यंत्र असेल तिथे उभे राही. वीज आल्यावर कोणीतरी जाऊन बटण दाबायचे. ते कोणीतरी म्हणजे बाई. डॉक्टर चालायला सांगून थकले होते, ते काम वीज मंडळाने केले. एकदा यंत्र पायरीपुढे भागीच्या ओल्या सारवणावर गेले आणि चाकांच्या रेघा उमटल्या. भागी रडकुंडीला आली. बाईंनी त्या रेघांचे कोन मोजले.

मग एक दिवस गडग्यावरून हाक आली. "वसंत, बातम्यांत घूं घूं येतंय!" बाईंचा हातातला जुना रेडिओ. त्या तो घेऊन पडवीभर फिरल्या. तारेजवळ घूं घूं वाढे, तारेवर धरला की बातम्या बुडून जात, दोन हात लांब नेला की निवेदक पुन्हा स्पष्ट. "तार बोलता रे!" बाई म्हणाल्या. "आपल्याक ऐकाक येना नाय, हेका येता!" तेव्हा ती नुसती गंमत होती.

तुळशीच्या लग्नाला दोन दिवस उरले असताना घरट्यावरचा हिरवा दिवा लाल झाला. यंत्र हलेना. तार कुठेतरी तुटली होती. मिलिंद येणार होता, आणि त्याने मला फोनवर सांगितले होते की परतीची तीन तिकिटे काढली आहेत, कणकवली ते पनवेल. बाईंना सांगू नका म्हणाला. मी सांगितले.

बाई पडवीत खुर्चीवर बसल्या. भागी शेणाचे हात घेऊन खळ्यात उभी. दोन दिवस खपून तिने खळे केले होते, नेहमीपेक्षा सुरेख.

"चालू दे की दोन दिवस," मी म्हणालो. "गवत कापलेलंच आहे. त्याला कळणार नाही."

"मला कळेल," बाई म्हणाल्या. "वसंत, तो उद्या येईल, बघेल, बरं म्हणेल. आणि महिन्याभरात गवत पायरीवर येईल. मग मी कुठल्या तोंडानं इथं राहू?"

अंगणभर तार दोन बोटे मातीखाली, कुठून खणायचे? बाईंनी काठीच्या टोकाने जमिनीवर तारेची वाट रेखून पाहिली. मग एकाएकी काठी जमिनीवर आपटून उठल्या.

"रेडिओ! भागी, माझो रेडिओ हाड! आणि सुतळी!"

त्यांना वाकता येत नव्हते. म्हणून रेडिओ काठीच्या खालच्या टोकाला बांधला, जमिनीपासून चार बोटांवर, आणि तोल सांभाळायला दुसऱ्या हाताने माझा खांदा धरला. घरट्यापासून निघालो. घूं घूं येत होते. एक फूट तीन इंच, एक फूट तीन इंच. न्हाणीमागे घूं घूं. फाटकापाशी घूं घूं. चिकूच्या बाजूला त्या धापा टाकत थांबल्या. खुबा मोडल्यापासून इतके त्या कधीच चालल्या नव्हत्या. मी म्हणालो, मी जातो पुढे. "तुला आवाज ओळखता यायचा नाही," म्हणाल्या, आणि पाऊल टाकले.

खळ्याची कड आली आणि घूं घूं एकदम थांबले. त्या जागी कोणीतरी बाजारभाव सांगू लागले, अगदी स्वच्छ.

"हयसर!" बाई ओरडल्या. "हयसर आसा! गावला!"

नेमक्या त्याच वेळी फाटकात रिक्षा थांबली. मिलिंद बायकोला घेऊन एक दिवस आधी आला होता. त्याने पाहिले ते असे: पायरीपासून फाटकापर्यंत गालिच्यासारखे कातरलेले अंगण, आणि मधोमध त्याची आत्या काठीला रेडिओ बांधून, घामाने ओली, आनंदाने ओरडते आहे.

पण भागीचा चेहरा उतरला होता. "बाईनू, माका म्हायत नव्हता," ती म्हणाली. "झिल येतलो, सून येतली, म्हणान यंदा खळा एक हात वाढयलंय. तेव्हाच कुदळ लागली आसतली, नि चोपताना तार तुटली." तार तिच्या नव्या खळ्याच्या पोटात होती, वर चोपलेली माती, वर सारवण, परवा लग्न.

"आता फोडूचा?" तिने विचारले. तिच्या हातातले शेण वाळले होते.

मिलिंद म्हणाला, "आत्या, जागा सापडली आहे, खणू या. दहा मिनिटांचं काम."

बाई खळ्याकडे पाहत राहिल्या. "नाही," म्हणाल्या. "लग्नाचं खळं फोडायचं नाही. भागीनं एक हात वाढवलंय ते प्रेमानं. तार एक हात आत येईल. तार काय, कुठूनही जाते."

खळ्याला वळसा घालून नवी तार पुरायला तासभर लागला. भागीने खणले, मी माती लोटली, आणि तारेची दोन टोके पिळून जोडली मिलिंदने, चिखलात गुडघे टेकून, जर्मनीचे बूट घालून. लाल दिवा हिरवा झाला. यंत्र घरट्यातून बाहेर आले, नव्या खळ्याच्या कडेशी पोचले, थांबले, आणि सभ्यपणे वळले.

"मेल्या," बाई मिलिंदला म्हणाल्या, "जोड बरो केलंस."

पुण्याचा विषय कोणी काढला नाही. जाताना मिलिंदने मला विचारले, "वसंतकाका, ती रोज असं फिरते?"

"मोजलेलं नाही," मी म्हणालो. "पण फिरतात."

तिसऱ्या बर्थवर नारळांचे पोते गेले.

तार एक हात आत घेतली तेव्हाच बाईंना काहीतरी उमगले असावे. पुढच्या वर्षी पाऊस संपल्यावर त्यांनी पाऊल मोजले: एक फूट. आणि चुना मागितला. चिकूची बाजू तारेबाहेर गेली. त्याच्या पुढच्या वर्षी फाटक. बाई हे कोणालाही दुःखाने सांगत नसत. "तिसऱ्या बाकावरचा आता खूश आहे," म्हणत, "त्याला काम हलकं, मला चाल हलकी." भागीला मात्र खळे दरवर्षी हवे तेवढे वाढवायची मुभा होती. रेडिओ काठीला कायमचा बांधलेला असे. सकाळी त्या तारेवरून एक फेरी मारत, बातम्या आणि घूं घूं आळीपाळीने ऐकत. पुण्याला त्या गेल्या नाहीत. गेल्या त्या आपल्याच घरातून, आपल्याच खाटेवरून, सकाळच्या वेळी.

शेवटच्या वर्षी तार आखताना गडग्याची बाजू वगळायची वेळ आली. बाईंनी चुन्याचे डबडे हातात धरून माझ्याकडे पाहिले. "तिथं दगड फार आहेत," त्या म्हणाल्या. "होय," मी म्हणालो. त्यानंतर शब्दकोडे भागी घेऊन येई.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते डिसेंबरातल्या एका सकाळी. मी वाचनालयाच्या किल्ल्या घेऊन निघालो होतो. अंगणात दव होते. बाई पायरीच्या खाली, तुळशीपाशी उभ्या होत्या. तार आता तिथूनच जात होती, पायरी, तुळस, विहीर, पायरी, एवढीच. गडग्यापासून ते अंतर मी कधी मोजलेले नव्हते. त्या दिवशी ते फार वाटले. त्यांनी काठी जमिनीवर टेकली, मान कलती केली, ऐकले. तोंडभर हसल्या. मग काठी उचलून, टोकाला लोंबणारा रेडिओ माझ्या दिशेने धरला.

"वसंत! येता हा रे! आवाज येता हा! ऐकलंस?"

एवढ्या लांबून मला काहीच ऐकू येत नव्हते.

"ऐकलंय!" मी मोठ्याने ओरडलो.

त्यांनी समाधानाने मान हलवली, काठी खाली टेकली, आणि पुढचे पाऊल टाकले.